उशाशी ठेवलेले पुस्तक

१५ ऑगस्ट १९१९ या दिवशी वेंगुर्ल्यात एका अमेरिकन दाम्पत्याच्या पोटी मुलगा जन्मला. वडील डॉ. रॉबर्ट गोहीन, आई ॲन युइंग गोहीन. दोघेही अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनमार्फत येथे आलेले. हा मुलगा, रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन, वयाची चाळिशी गाठण्याआधीच १९५७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्या जुन्या विद्यापीठाची दारे १९६९ मध्ये मुलींना उघडली, ती त्याच्याच कारकिर्दीत. पुढे १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्याला भारतातील अमेरिकेचा राजदूत नेमले. मोरारजीभाईंचे सरकार आणि तारापूरच्या अणुइंधनाचा वाद यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम त्याला करावे लागले. २००८ मध्ये तो निवर्तला. अमेरिकेचा राजदूत वेंगुर्ल्याचा होता, असे आजच्या मालवणी तरुणाला सांगितले तर तो आधी हसतो आणि मग आपली थट्टा चालली आहे असे समजून गप्प बसतो.

परंतु आजचा विषय हा मुलगा नाही. विषय आहे त्याचे आईवडील, आणि त्यांच्यासारखी जी दाम्पत्ये आपली उमेदीची वर्षे घेऊन या परक्या किनाऱ्यावर येऊन राहिली, त्यांचा संसार आणि त्यांची सेवा. या विषयावर आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एका प्रकारात मिशनरी म्हणजे मूर्तिमंत करुणा. त्यांच्या हेतूबद्दल प्रश्न विचारणारा तो संकुचित, धर्मांध. दुसऱ्या प्रकारात मिशनरी म्हणजे केवळ कारस्थान. त्याने बांधलेल्या जखमेचाही उल्लेख करायचा नाही. पहिला प्रकार इंग्रजी वृत्तपत्रांत फार, आणि दुसरा, स्पष्टच सांगायचे तर, आपल्या बैठकांत फार. दोन्ही प्रकारांत वेंगुर्ल्याचा रोगी कुठेच नसतो.

त्या काळचे वेंगुर्ले डोळ्यांपुढे आणून पाहावे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मधला. तेव्हा हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचे दक्षिण टोक. रेल्वे नाही, कोकण रेल्वे धावू लागली ती थेट १९९८ मध्ये. मुंबईहून यायचे तर आगबोट, आणि ती जून उजाडला की बंद. बंदर मिटले म्हणजे उरला आंबोलीचा घाट आणि घाटापलीकडचे बेळगाव. पावसाळ्याचे तीन महिने गाव जगापासून जणू कापलेले. हिवताप, पटकी, देवी, प्लेग, आणि बाळंतपणात दगावणाऱ्या बायका. सरकार इंग्रजांचे, आणि त्या सरकारला रत्नागिरी जिल्हा आठवे तो सैन्यात शिपाई हवे असले म्हणजे. अशा ठिकाणी शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर आपणहून येऊन राहतो, ही घटना लहान नव्हे. गोहीन यांच्या कामातून उभे राहिलेले सेंट ल्यूक्स रुग्णालय माहीत नाही, असा माणूस आजही वेंगुर्ल्यात शोधावा लागेल.

मिशनच्या अशा दाम्पत्याचा दिनक्रम ठरीव असे. पहिली वर्षे भाषा शिकण्यात जात. मराठीची परीक्षा द्यावी लागे, आणि ती दिल्याशिवाय कामाची पुरती जबाबदारी मिळत नसे. (आपल्याकडे आज बदली होऊन आलेले अधिकारी तीन वर्षे राहून मालवणीतला एक शब्द न शिकता जातात, हे येथे ओघाने आठवते.) सकाळी प्रार्थना, मग बाह्यरुग्ण, मग शस्त्रक्रिया, संध्याकाळी खेड्यातील फेरी. रोग्याबरोबर त्याचे सारे घर येई. आवारातच चुली पेटत आणि ज्याचा त्याचा स्वयंपाक ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे शिजे. काही वर्षांनी एकदा मायदेशी दीर्घ रजा, आणि त्या रजेतही विश्रांती कसली? गावोगावच्या चर्चमधून भाषणे द्यायची, वर्गणी जमवायची. येथे असताना दर महिन्याला पत्रे लिहायची: किती रोगी तपासले, किती जणांनी ‘वचन’ ऐकले, पुढील वर्षी किती डॉलर लागतील.

या व्यवस्थेत पत्नीचे स्थान मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. मिशनच्या दप्तरात ती पुष्कळदा केवळ ‘मिसेस अमुक’. पगार नवऱ्याच्या नावाचा. पण पडद्याआडच्या बायकांपर्यंत पोहोचायचे ते तिनेच. शिवणाचे वर्ग, मुलींची शाळा, भांडारघराच्या किल्ल्या, परिचारिकांचे रुसवेफुगवे आणि पाहुणे हे सारे तिचे. आणि मुले? ती जरा मोठी झाली की दूर दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावरील शाळेत रवाना. धाकटा रॉबर्टही तेथेच शिकला आणि पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. पोटचे पोर वर्षातले बरेच महिने शेकडो मैल दूर, नवरा शस्त्रक्रियागृहात, बाहेर अखंड पाऊस आणि बंदर बंद. अशी वर्षे त्या बाईने वेंगुर्ल्यात काढली असतील. त्याला त्याग म्हणायला माझी जीभ अडखळत नाही, आणि कुणाची अडखळू नये.

मिरजेचे उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. कॅनडात जन्मलेले विल्यम वानलेस १८८९ मध्ये पत्नी मेरीसह भारतात आले. मिरजेचे रुग्णालय १८९४ पासूनचे. पुढे वैद्यकीय शाळा, कुष्ठरुग्णांसाठी आश्रम, क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी. मेरी येथेच १९०६ साली वारल्या. वानलेस परत गेले ते १९२८ मध्ये, ‘सर’ होऊन. दक्षिण महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटक येथील किती कुटुंबांत ‘आजोबांचे ऑपरेशन मिरजेला झाले’ हे वाक्य आहे! ज्या घरांत हे वाक्य आहे त्यांतली निम्मी घरे आज या साप्ताहिकाची वर्गणीदार असतील.

आमच्याही घरात तसे एक वाक्य आहे. आजीचा गळू घाटावरच्या एका मिशन दवाखान्यात फोडला गेला. ती तीन आठवडे तेथे होती. डॉक्टरांबद्दल ती अखेरपर्यंत हात जोडून बोलत असे. पण गोष्ट सांगून झाली की नेहमी एक पुस्ती जोडी: “माणूस देवासारखो होतो रे, पण उशाक ता पुस्तक कित्याक ठेय होतो, ता माका कळूक नाय.” उशाशी ठेवलेले ते पुस्तक म्हणजे शुभवर्तमानाची मराठी प्रत. आजीला अक्षरओळख नव्हती. रोज एक बाई येऊन त्यातले थोडे वाचून दाखवी आणि वाचून झाल्यावर, ‘आता बरे वाटते ना?’ असे विचारी. आजी ‘होय’ म्हणे. तिला बरे वाटतच होते. गळू फुटला होता. त्या ‘होय’ची नोंद त्या महिन्याच्या पत्रात कुठल्या रकान्यात झाली असेल, हा प्रश्न मला पत्रकारितेत आल्यावर पडू लागला.

माझा सारा वाद या एका पुस्तकापाशी आहे. डॉक्टरच्या हातापाशी नाही, नर्सच्या जागरणापाशी नाही, ख्रिस्तापाशी तर मुळीच नाही. खाटेवर पडलेला माणूस हा समान पातळीवरचा श्रोता नसतो. त्याचे दुखणे बोलणाऱ्याच्या हातात असते. उद्याची मलमपट्टी, परवाचे औषध, डॉक्टरचे हसून पाहणे या सगळ्यांची त्याला गरज असते. तो ‘नको’ म्हणू शकत नाही. आणि जो ‘नको’ म्हणू शकत नाही त्याच्या ‘हो’ला किंमत किती? बाजारात उभा राहून कुणी आपल्या धर्माचे व्याख्यान दिले तर आपण ऐकावे, पटले नाही तर पुढे जावे. प्रतिवाद सुचला तर तेथेच करावा. खाटेवरून पुढे कुठे जाणार? शंकराचार्यांपासून दयानंदांपर्यंत वादाची आपली परंपरा मोठी आहे, पण त्या परंपरेत दोन्ही वादी आपल्या पायांवर उभे असत.

‘धर्मप्रचार हा त्या सेवेचा सहज परिणाम होता, हेतू नव्हे,’ असे आमचे पुरोगामी मित्र सांगतात. हे त्यांनी मिशनऱ्यांना न विचारताच ठरवलेले आहे. मिशनरी स्वतः असे कधी म्हणाले नाहीत. या बाबतीत ते आमच्या पुरोगाम्यांपेक्षा अधिक प्रामाणिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो अमेरिकन विद्यार्थ्यांना परदेशी धाडणारी ‘स्टुडंट व्हॉलंटियर’ चळवळ उभी राहिली. याच पिढीत साऱ्या जगापर्यंत शुभवर्तमान पोहोचवायचे, हे तिचे ब्रीद. त्या चळवळीचे एक संस्थापक रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ सालचा, आणि तो कोल्हापूरचा. आईवडील तेथे मिशनरी होते. साऱ्या जगाला एका पिढीत आपल्या पंथात आणण्याचे स्वप्न पंचगंगेच्या काठी वाढलेल्या मुलाने पाहिले, यात मला गंमत वाटते, आणि थोडी चिंताही. कारण ज्या पंचगंगेच्या काठी तो वाढला, तिने त्याच्या घरच्यांना ‘तुम्हीही आमच्यासारखे व्हा’ असे एकदाही म्हटले नव्हते.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. सेवेच्या हाताला प्रचाराचे पुस्तक बांधावे की नाही, हा प्रश्न नागपूरने किंवा पुण्याने प्रथम विचारलेला नाही. तो खुद्द अमेरिकेत, मिशनच्या स्वतःच्या घरात विचारला गेला आणि त्यावरून ते घर फाटले. १९३० च्या सुमारास धाकट्या रॉकफेलरांच्या पैशातून सात प्रोटेस्टंट पंथांच्या परदेशी मिशनांची एक चौकशी झाली. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग हे तिचे प्रमुख. या मंडळींनी भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान हिंडून पाहिले आणि १९३२ मध्ये अहवाल दिला. अहवालाचे एक सांगणे असे की, दवाखाने आणि शाळा यांना थेट धर्मप्रचाराच्या जबाबदारीतून मोकळे करा; सेवा ही सेवा म्हणूनच द्या, तिच्या मोबदल्यात प्रवचन ऐकवू नका. मिशनची एकूण दृष्टीच बदलावी, इतर धर्मांना शत्रू न समजता सत्याच्या शोधातील सहप्रवासी समजावे, असाही त्याचा सूर होता.

काय झाले पुढे? वादळ उठले. चीनमध्ये प्रेस्बिटेरियन मिशनचे काम करणाऱ्या, आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या, पर्ल बक यांनी अहवालाचे उघड स्वागत केले. त्यांच्यावर एवढी टीका झाली की १९३३ मध्ये त्या मिशनमधून बाहेर पडल्या. प्रेस्बिटेरियन मिशन मंडळाचे धुरीण रॉबर्ट स्पीअर यांनी अहवालाचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. ग्रेशॅम मेकन यांच्यासारख्या कट्टर मंडळींना तर तेही पुरेसे कडक वाटले नाही. त्यांनी आपले स्वतंत्र मिशन मंडळच काढले. लक्षात घ्या, हे तेच प्रेस्बिटेरियन मंडळ, ज्याच्या आधारावर मिरज आणि वेंगुर्ले चालत होते. आपल्याच पंथाच्या सुशिक्षित, सश्रद्ध माणसांनी ‘ते पुस्तक उशाशी ठेवू नका’ असे सांगितले, आणि मंडळाने ‘आम्ही ठेवणारच’ असे उत्तर दिले. म्हणजे पुस्तक चुकून राहिले नव्हते. विचारपूर्वक ठेवलेले होते.

गोहीन दाम्पत्याने व्यक्तिशः त्या वादात कोणती बाजू घेतली, हा माझा प्रश्न नाही. व्यक्ती चांगली असते, कित्येकदा संस्थेपेक्षा चांगली. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात कुणावर बळजबरी झाली, असेही मला सुचवायचे नाही. या तालुक्याकडे पाहिले तर मिशनच्या खटाटोपाला धर्मांतराच्या मोजपट्टीवर यश फारसे आलेले दिसत नाही. आमच्याकडील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे कॅथलिक, अमेरिकन मिशनच्या कितीतरी आधीपासूनची, गोव्याच्या इतिहासाशी नाळ असलेली. ती आमच्याइतकीच मालवणी बोलतात, त्यांच्या घरी तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आमच्यासारखीच होते. त्यांच्या देशभक्तीची परीक्षा घेण्याचा अधिकार कुणी कुणाला दिलेला नाही. हा वाद त्यांच्याशी नाही आणि तो त्यांच्या दारात नेणाऱ्याला मी आपला म्हणणार नाही.

वाद धोरणाशी आहे, आणि तो या देशात सभ्यपणे, कायद्याच्या चौकटीत मांडला गेला आहे. रोगी बरा केला म्हणून त्याने धर्म का बदलावा, हा प्रश्न गांधीजींनी मिशनऱ्यांना अनेकदा तोंडावर विचारला. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ च्या त्यांच्या अहवालात शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा प्रचारासाठी होणारा वापर यावर विस्ताराने लिहिलेले आहे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशने १९६८ मध्ये बळजबरी, आमिष, फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले. धर्मप्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही, असा त्या निकालाचा आशय. तेव्हा या प्रश्नावर बोलणारा प्रत्येक जण दंगलखोर, हे समीकरण आता मोडीत काढायला हरकत नाही.

मात्र ते समीकरण कुणी घट्ट केले, हेही लिहायला हवे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे गाडीत झोपलेले असताना जाळण्यात आले. थोरला दहा वर्षांचा, धाकटा सहाचा. स्टेन्स बारीपद्याला कुष्ठरुग्णांत अनेक वर्षे काम करीत होते. त्या घटनेनंतर मी आपल्यातल्याच काही सुशिक्षित मंडळींच्या तोंडून ‘फार वाईट झाले, पण...’ असे ऐकले आहे. हा ‘पण’ मला त्या दिवशीही सहन झाला नाही. झोपलेल्या मुलांना जाळण्याच्या पुढे ‘पण’ लागत नाही; तेथे वाक्य संपते. वाधवा आयोगाने कोणत्याही संघटनेचा हात नसल्याचे सांगितले, ते कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे खरेच. परंतु आपल्या मनातल्या ‘पण’ची चौकशी कोणताही आयोग करीत नाही. ती आपण करायची. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या पुढे काही वर्षे त्याच रुग्णांत काम करीत राहिल्या. भारत सरकारने त्यांना २००५ मध्ये पद्मश्री दिली. त्या बाईंच्या धैर्यापुढे नमस्कार करण्यासाठी त्यांच्या मताशी सहमत असावे लागत नाही.

आता मुख्य दुखणे. उशाशी ठेवलेले पुस्तक उचलायचे तर आधी त्या खाटेपाशी कुणीतरी उभे असावे लागते. आपण होतो का उभे?

सदाशिव गोविंद कात्रे हे नाव या साप्ताहिकाच्या वाचकांना नवे नाही, तरी पुन्हा सांगतो. रेल्वेतला नोकरदार. कुष्ठरोग झाला. घर तुटले. उपचारांसाठी मिशनऱ्यांच्या कुष्ठाश्रमात राहावे लागले. तेथे औषधाबरोबर प्रचार होता आणि कात्रे त्याविरुद्ध उभे राहिले. येथपर्यंतची गोष्ट सांगायला आपल्याला आवडते. पण कात्रे तेथे थांबले असते तर एक तक्रारअर्ज तेवढा उरला असता. १९६२ साली त्यांनी चांपाजवळ सोंठी येथे स्वतः कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू केला. बोटे झिजलेला माणूस सायकलवर हिंडून मूठमूठ तांदूळ गोळा करीत होता. १९७२ मध्ये त्यांना दामोदर गणेश बापट येऊन मिळाले, अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे. बापटांनी पुढची सत्तेचाळीस वर्षे, २०१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्याच आश्रमात काढली. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्रातील अनेक वृत्तपत्रांना त्यांचे छायाचित्र शोधावे लागले. मिशनला उत्तर द्यायचे तर ते असे दिले जाते: अर्ज एक, पण जागा कायमची.

आणि दाम्पत्ये हवी असतील तर तीही आपल्या मातीत आहेत. हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. मेळघाटातील बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. आमटे घराण्याचे आणि आपले वैचारिक मतभेद सर्वश्रुत आहेत, परंतु हेमलकशाच्या माडिया रोग्याच्या उशाशी त्यांनी कोणतेही पुस्तक ठेवले नाही, ना शुभवर्तमान, ना गांधी, ना मार्क्स. त्याला बरे केले आणि घरी पाठवले. हॉकिंग १९३२ मध्ये जे आपल्या लोकांना सांगून थकला, ते गडचिरोलीच्या जंगलात कुणी न सांगता घडत होते.

सिंधुदुर्गानेही असे काही पाहिलेले आहे. १९२० मध्ये सांगलीचा एक तरुण शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आला आणि अठरा वर्षे तेथेच राहिला. वि. स. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळाले, ते आपल्याला माहीत असते. वेंगुर्ल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या त्या खेड्यात त्यांनी अठरा वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या, हे नसते. अप्पासाहेब पटवर्धन गांधीवादी, आपल्या विचारांचे नव्हेत. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून त्यांनी १९३२ मध्ये अन्नत्याग केला, आणि पुढे कणकवलीजवळ गोपुरी उभी केली. मैल्याचे खत करण्याच्या प्रयोगांत आयुष्य घालवणाऱ्या या ब्राह्मणाला लोकांनी ‘कोकणचे गांधी’ म्हटले आणि मग, आपल्या रीतीप्रमाणे, त्याच्या मागे कुणी गेले नाही.

आजचे चित्र काय? जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२१ मध्ये, ओरोसला. त्याआधीची कित्येक दशके, आणि बऱ्याच अंशी आजही, गंभीर रोगी म्हणजे बांबोळी. रात्री-अपरात्री गाडी काढायची आणि पत्रादेवी ओलांडून गोव्याच्या सरकारी रुग्णालयात रोगी न्यायचा. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले. रास्तच झाले. पण त्या आंदोलनात एक प्रश्न कुणी विचारल्याचे मला आठवत नाही: आमची मुले डॉक्टर होतात, ती जातात कुठे?

गेल्या वर्षी कुडाळला एका घरगुती बैठकीत हा प्रश्न मी विचारला. विषय ‘धर्मांतर: एक राष्ट्रीय संकट’ असा होता. वक्ते चांगले बोलले, टाळ्याही मिळाल्या. प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो आणि म्हटले, ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर आहे त्यांनी हात वर करावा. बरेच हात वर झाले. आमचा जिल्हा शिक्षणात मागे नाही. मग म्हटले, त्यांपैकी ज्यांचा दवाखाना या जिल्ह्यात आहे त्यांनी हात तसाच ठेवावा. एकही हात राहिला नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, एक मस्कत, दोन अमेरिका. अमेरिकेतील दोघांपैकी एकाचे आईवडील माझ्या शेजारीच बसले होते. मुलाने तेथे मोठे नाव कमावले आहे, ‘सेवा’ही करतो, दर वर्षी दिवाळीला गावच्या देवळाला पैसे पाठवतो, असे त्यांनी मला नंतर सांगितले. त्यांचा अभिमान खोटा नव्हता आणि मला त्यांना दुखवायचेही नव्हते. पण माझ्या डोळ्यांपुढे उलट दिशेने येणारी आगबोट उभी राहिली. अमेरिकेतील एक डॉक्टर बायकोसह वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरतो, मराठीची परीक्षा देतो, पोराला डोंगरावरच्या शाळेत धाडतो आणि राहतो. शंभर वर्षांनी वेंगुर्ल्याच्या पंचक्रोशीतला डॉक्टर अमेरिकेला जातो आणि देवळाला पैसे पाठवतो.

पैसा, सुरक्षितता, मुलांचे शिक्षण ही कारणे मला समजतात. ती गोहीन यांनाही होती, आणि त्यांच्या वेळी तर अँटिबायोटिकसुद्धा नव्हते. ‘त्यांच्यामागे श्रीमंत मिशन होते,’ असे उत्तर लगेच येते. होतेच. मग आपल्यामागे काय आहे? देवस्थानांच्या पेट्या आहेत, मुंबईची मालवणी मंडळे आहेत, परदेशातील भगिनी-बांधव आहेत. डेरवणला एका धार्मिक न्यासाने वालावलकर रुग्णालय उभे करून दाखवले. छत्रपती संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून चालू आहे. म्हणजे जमत नाही असे नाही. वेंगुर्ले, मालवण, देवगडच्या किनाऱ्यावर जमवलेले नाही, एवढेच.

बैठक संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ भेटले. निवृत्त शिक्षक, तळवड्याकडचे. म्हणाले, “तुमी त्या पुस्तकाबद्दल बोललात ता बरोबर. पण माजी बायल आजारी होती तेवा रात्री दोन वाजता दार उघडूक कोण होतो, ता माका विचारा.” मी विचारले नाही, उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर होते. त्यांची सून आता वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षे तरी गावात दवाखाना घाल, असे त्यांनी तिला सांगितले आहे. ती ‘बघते’ म्हणाली आहे. त्या मुलीसाठी भाड्याची खोली, यंत्रसामग्री आणि पहिल्या वर्षाचा खर्च उभा करायचा आहे. त्या दिवशी हात वर करणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे, आणि येत्या आठवड्यात मी प्रत्येकाकडे जाणार आहे.